मदत हवी आहे: सरकारी जंगलात बांधलेला स्टँड आणि त्यावर आलेली चिठ्ठी

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि गेली तीन वर्षं कंपाउंड बो (चाकांवरून दोरी फिरणारं आधुनिक धनुष्य) घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. कोर्स केलाय, दरवर्षी परवाना काढतो, जे मारतो ते आम्ही घरी खातो. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा अनेकांना हे पटणार नाही हे समजतो. त्यावर दुसऱ्या धाग्यात जरूर बोलू. आज मला एका अडचणीत सल्ला हवा आहे. आमच्या गावात शिकारी एकमेकांना ओळखतात, तिथे विचारलं तर गोष्ट वाढेल म्हणून इथे विचारतोय.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी स्टेट गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी खुल्या असलेल्या सरकारी जंगलात, एका ओकला हँग-ऑन स्टँड बांधला. पट्ट्याने झाडाला आवळायचं एका माणसापुरतं मचाण म्हणा, जमिनीपासून साधारण सोळा फुटांवर. इथे हरणाचा पहिला हंगाम सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून स्टँड लावता येतो आणि शेवटचा संपल्यावर दोन आठवड्यांत काढावा लागतो. झाडाला इजा करायची नाही, आणि नाव-पत्ता किंवा परवान्यावरचा नंबर असलेला बिल्ला लावायचा. मी हे सगळं पाळलं होतं.

गेल्या शनिवारी पहाटे पाचला हेडलॅम्प लावून पोचलो तर शिडीच्या पहिल्या पायरीला झिपच्या पिशवीत एक चिठ्ठी अडकवलेली. जाड मार्करने लिहिलं होतं की ही माझी जागा आहे, अकरा वर्षं मी इथे बसतो, तुझा स्टँड उतरव. शिवी नाही, नाव नाही, फोन नंबर नाही. पावसात भिजू नये म्हणून पिशवीत घातलेली, ते पाहून रागही येईना.

उजाडल्यावर पाहिलं, तीसेक पावलांवर मेपलला खरंच एक जुना लॅडर स्टँड, म्हणजे शिडीला जोडलेलं मचाण, होता. पानं दाट असताना मला तो दिसलाच नव्हता. बिल्ला नाही, शिडीला गंज चढलेला, आणि पट्टा सालीत इतका रुतलेला की दोन्ही बाजूंनी झाडाने त्याच्यावर ओठ मिटल्यासारखे दिसत होते. म्हणजे तो कित्येक हंगाम उतरवलेलाच नाही.

नियम माझ्या बाजूने आहे, तरी मन खात नाही असं नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आलो. आता वाटतं, महिनाभर स्टँड टांगून ठेवून मीही तेच केलं का? आमच्या गावी ज्वारीत रानडुकरांसाठी वडील माळा बांधायचे आणि गोफण घेऊन रात्र काढायचे. रान आमचं होतं, म्हणून माळाही आमचा. इथे रान सगळ्यांचं आहे.

शिवाय थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतो) शनिवारी रायफलचा हंगाम सुरू होईल. तीस पावलांवर दोन अनोळखी माणसं, दोघांकडे रायफल, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

मी स्टँड काढावा का? उत्तरादाखल चिठ्ठी ठेवावी का? गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाळले जातात का ते पाहणारा सरकारी अधिकारी) त्या जुन्या स्टँडबद्दल कळवलं तर ती चुगली होईल का?

प्रतिसाद १

मी मिशिगनला आहे, वीस वर्षं सरकारी जमिनीवरच शिकार केली. आमच्याकडे १ सप्टेंबर ते १ मार्च एवढाच काळ स्टँड ठेवता येतो, बाकी रीत तुमच्यासारखीच. स्टँड ठेवायची परवानगी मिळाली म्हणजे जागा मिळाली असं नाही. त्या दिवशी जो आधी पोचेल, ती सकाळ त्याची. अंधारात झाडावर दिवा दिसला तर आपला दिवा एकदा हलवून दाखवायचा आणि मुकाट्याने वळसा घालून दुसरीकडे जायचं. म्हणून दोन जागा हेरून ठेवायच्याच.

दुसऱ्याच्या रिकाम्या स्टँडवर बसू नका, त्याला हातही लावू नका. उन्हापावसात पट्टे कुजतात आणि वरून ते कळत नाही. वॉर्डनला जरूर कळवा. सालीत रुतलेला पट्टा झाड मारतो आणि माणूसही पाडतो, यात चुगली कसली!

चिठ्ठी माझ्या मते ठेवा. आदराने लिहा, फोन नंबर द्या. गायरानात कुणाचा खुंटा आधीचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यातले निम्मे लोक एकमेकांशी एकदाही सरळ बोललेले नव्हते.

धागाकर्ता

मनापासून आभार. असं ठरवलंय की रविवारी स्टँड उतरवतो आणि ओढ्यापलीकडच्या धारेवर नेतो. तिथे ओकची फळं कमी पडतात, पण आसपास कुणाचं काही नाही. आधीच्या झाडाला चिठ्ठी बांधतो: मी हललोय, तुमचा पट्टा सालीत गेलाय, कृपया तपासल्याशिवाय चढू नका, हा माझा नंबर. वॉर्डनच्या ऑफिसात सोमवारी फोन करेन.

एक राहिलं. स्टँड एकट्याने उतरवताना हार्नेसची (पडू नये म्हणून अंगात घालायच्या पट्ट्यांची) दोरी स्टँडच्या वर बांधायची हे माहीत आहे, पण पट्टा सोडताना लोखंडाचं वजन एकदम हातावर येतं. तुम्ही आधी त्याला वेगळी दोरी लावून वरच्या फांदीवरून घेता का? फोटो असेल तर टाका, प्लीज.