मूक वेस्टर्नमध्ये बघण्यासारखं काय?
मूक वेस्टर्न म्हणजे सिनेमाला आवाज नव्हता तेव्हाचे अमेरिकन काउबॉय सिनेमे. गोळीचा आवाजच नाही तर वेस्टर्न कसला, असं काही जण म्हणतात, ते मला काही पटत नाही बुवा. १९१६चा 'हेल्स हिंजेस' बघा, शेवटी त्यातला नायक विल्यम हार्ट सगळं गाव पेटवून देतो आणि त्या धुरातून माणसं सैरावैरा धावतात, तिथे आवाजाची आठवण पण येत नाही. हार्ट मूळचा नाटकवाला, पन्नाशीच्या आसपास सिनेमात आला, त्यामुळे चेहरा दगडासारखा ठेवून नुसत्या डोळ्यांनी काम करतो. त्याच काळातला दुसरा वेस्टर्न स्टार टॉम मिक्स बरोब्बर उलटा, चकाचक कपडे, घोड्यावरच्या कसरती, फुल टाइमपास (मला हार्टच आवडतो, भांडू नका).

आणि खऱ्या काउबॉय-लुटारूंचा काळ तेव्हा फार जुना झालेलाच नव्हता हो, अल जेनिंग्ज नावाचा खराखुरा ट्रेन लुटारू शिक्षा भोगून आल्यावर सिनेमात काम करत होता, आता बोला.

या सिनेमांच्या जुन्या प्रिंट जमवणाऱ्या कलेक्टर लोकांच्या वेडाचं म्हणाल तर मिळत नाही म्हणूनच शोधतात. तेव्हाचे सिनेमे ज्यावर असायचे ती नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, १९३७मध्ये न्यू जर्सीत फॉक्स या सिनेमा कंपनीच्या गोदामाला आग लागली त्यात मिक्सचे कितीतरी सिनेमे गेले ते गेलेच. त्यामुळे घरी बघायला काढलेली एखादी जुनी १६ एमएमची (कमी रुंदीच्या फिल्मवरची) प्रिंट हाती लागली तर सोनंच.

सुरुवात करायची तर हार्टचा 'टंबलवीड्स' बघा, पण १९३९ला पुन्हा रिलीज केलेली कॉपी, तिच्यात आधी म्हातारा हार्ट स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलतो, आवाज अगदी नाटकी, पण ऐकाच.