दोन सुयांवरची जाळीची वीण गोल सुईवर कशी बसवावी?

प्रश्न : सुलटउलट, परभणी

सर्वांना नमस्कार. दोन सुयांवर विणण्याचा माझा सराव वीस वर्षांचा आहे, मात्र गोल सुई (लवचीक तारेने जोडलेली दोन टोके) मी या हिवाळ्यात प्रथमच हाती घेतली. परभणीची थंडी मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाची आहे. पहाटे सायकलवरून शिकवणीला जाणाऱ्या भाचीसाठी कानटोपी विणायची, आणि मागची शिवण तिला टोचते म्हणून ती अखंड विणायची, असे ठरवले. नमुना आईच्या वहीतला आहे. ९९ टाके घालायचे, विषम सुया (म्हणजे ओळी) जाळीच्या आणि सम सुया संपूर्ण उलट. पहिली सुई अशी आहे : काठाचा १ टाका, नंतर ‘१ सुलट, दोरा पुढे (सुईवर वेढा घेऊन नवा टाका), एक टाका न विणता उचलून पुढचा सुलट विणून त्यावरून काढणे, १ सुलट, दोन टाके एकत्र सुलट, दोरा पुढे’ हे सोळा वेळा, आणि शेवटी १ सुलट व काठाचा १ टाका.

मी तेवढेच टाके घालून, टोके जोडून वहीप्रमाणे विणत गेले. सहा फेऱ्या झाल्या तेव्हा बाहेरच्या बाजूस आडव्या उंच रेघा उमटल्या होत्या आणि जोडाच्या जागी नमुन्याशी संबंध नसलेली कोरी पट्टी आली होती. शिवाय सातव्या सुईत काठालगतचे टाके दोन्ही टोकांना जोडीने विणायचे आहेत. गोल विणीत टोकच नसताना ते कसे विणावेत, हे उमगत नाही. विणलेले सर्व मी उसवले आहे.

उत्तर : चारसुया, लातूर

ताई, वहीतला नमुना बरोबर आहे. तो दोन सुयांसाठी लिहिलेला आहे, एवढेच. दोन सुयांवर प्रत्येक सम सुईला आपण काम उलटून मागच्या बाजूने विणतो, म्हणून मागून विणलेला उलट टाका पुढून सुलट दिसतो. गोल विणीत काम कधीच उलटत नाही आणि बाहेरची बाजू सतत डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे तुमच्या सर्व सम फेऱ्या सुलट विणायच्या. त्या उलट विणल्यामुळेच रेघा आल्या. हाच न्याय उलट दिशेनेही लागतो : दोन सुयांवर सर्व सुया सुलट विणून जी रेघांची वीण मिळते, ती गोल विणताना मात्र एक फेरी सुलट व एक फेरी उलट विणावी लागते.

कोरी पट्टी जास्तीच्या तीन टाक्यांमुळे आली. नमुना सहा टाक्यांचा, म्हणजे १६ × ६ = ९६. उरलेल्या तिघांपैकी दोन शिवणीसाठीचे काठाचे टाके आणि एक दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून घातलेला आहे. वर्तुळाला बाजू नसल्यामुळे तिघेही गाळा आणि ९६ टाके घाला. टोपी लहान होईल अशी भीती बाळगू नका, कारण काठाचे टाके एरवीही शिवणीतच जात होते.

आता सातवी फेरी. तिथे टोकांच्या जोड्यांऐवजी तीन टाके एकत्र करून एक होतो, आणि त्या तिघांतला मधला टाका नेमका फेरीचा पहिला असतो. म्हणजे आधीच्या फेरीतला शेवटचा टाका उसना घ्यावा लागतो. सहावी फेरी शेवटचा एक टाका शिल्लक ठेवून थांबवा, फेरीच्या सुरुवातीच्या खुणेचा फास काढून त्या टाक्याच्या अलीकडे अडकवा, आणि तिथून सातवी सुरू करा : तीन एकत्र, दोरा पुढे, ३ सुलट, दोरा पुढे. तो टाका सहाव्या फेरीत विणला गेला नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. फेरी संपते तेव्हा खूण पुन्हा मूळ जागेवरच आलेली असते. मला स्वतःला हे पटायला दोन टोप्या उसवाव्या लागल्या!

उत्तर : गोदाकाठ, नांदेड

वरील उत्तरात एक भर घालतो. तुमच्या सम सुया साध्या उलट होत्या म्हणून काम सोपे झाले. ज्या नमुन्यात मागच्या बाजूनेही वीण आहे, तिथे ती सुई शेवटाकडून वाचावी आणि सुलटचे उलट, उलटचे सुलट करावे. उदाहरणार्थ, मागच्या सुईला ‘२ सुलट, ३ उलट, १ सुलट’ असे असेल, तर गोल फेरीत ‘१ उलट, ३ सुलट, २ उलट’ असे विणावे. नमुना चौकटीत काढलेला असेल, तर प्रत्येक ओळ उजवीकडूनच वाचायची.

दुसरे म्हणजे, बहुतेकांचा उलट टाका सुलटपेक्षा थोडा सैल पडतो. गोल विणीत उलट फेऱ्याच नसल्यामुळे वीण घट्ट येते आणि दोन सुयांवर मोजलेले माप चुकते. नमुन्याचा तुकडाही त्याच पद्धतीने विणावा : प्रत्येक ओळ संपल्यावर काम न उलटता टाके सुईच्या उजव्या टोकाकडे सरकवावेत, दोरा मागून सैल आणावा आणि पुन्हा सुलट विणावे. सुई घेतानाही माप तपासून घ्या, कारण आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, तर गोल सुयांवर बहुधा मिलिमीटरच लिहिलेले असतात.

उत्तर : उसवण, जालना

मी किंचित वेगळे मत नोंदवते. प्रत्येक वीण गोल करण्याचा अट्टहास नको. लोकरीच्या वेगवेगळ्या गुंड्यांनी रंगाचे मोठे ठिपके घातलेले फूल गोल विणीत सरळ करता येत नाही, कारण रंगाचा दोरा ठिपक्याच्या डाव्या टोकाला राहतो आणि पुढच्या फेरीत तो उजव्या टोकाला हवा असतो. असे काम दोन सुयांवरच करावे आणि शिवण बारीक घालावी. तुमच्या जाळीला मात्र ही अडचण नाही.

प्रश्नकर्ती : सुलटउलट, परभणी

सर्वांचे आभार. काल रात्री ९६ टाके घातले. जोडण्यापूर्वी सगळे टाके सुईवर एकाच बाजूला वळवून पाहिले, कारण एकदा पीळ बसला की तो शेवटपर्यंत निघत नाही. काठाच्या एक सुलट, एक उलट पट्टीलाही सम संख्या सोयीची ठरली. आज सातवी फेरी उसन्या टाक्यासह जुळली आणि जाळीतली पाने एकमेकांवर नीट चढली. शेंड्याकडे टाके कमी करताना ४० सेंटिमीटरची गोल सुई ताणली जाईल, म्हणून तिथपासून मोज्यांच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या सुया घेणार आहे. ९६ चे आठ भाग करून प्रत्येक भागात ‘१० सुलट, दोन एकत्र’ अशी सुरुवात करण्याचा विचार आहे. भाचीने मात्र टोपीवर गोंडा हवा, अशी नवी अट घातली आहे.