सेप्सिसचं बिल: रोखीचा, विम्याचा आणि योजनेचा दर एकाच पाटीवर हवा का?

बाळीवेस:
वडिलांना शुगर, पायाची जखम चिघळून सेप्सिस झाला, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच निकामी व्हायला लागले. सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूत होते. शेजारच्या कॉटवरही सेप्सिसच. आम्ही रोखीने, ते विम्यावर कॅशलेस. औषधं जवळपास सारखी: मेरोपेनेम हे अँटिबायोटिक, बीपी टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप. नंतर दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहिली. बेडचा रोजचा दर वेगळा, व्हिजिटची फी वेगळी. आमच्या बिलात मॉनिटरचे पैसे निराळे लावलेले, त्यांच्या बिलात ते बेडमध्येच धरलेले. नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, पण तिथे रोखीचाच दर लिहिला होता. माझी मागणी सरळ आहे: रोखीचा, विमा कंपनीशी ठरलेला आणि सरकारी जन आरोग्य योजनेचा, तिन्ही दर एकाच पाटीवर लावा.

आयसीयू डॉक्टर:
माझा विरोध आहे. सेप्सिस म्हणजे अपेंडिक्सचं ऑपरेशन नव्हे. लघवीच्या इन्फेक्शनचा एक पेशंट चार दिवसांत घरी जातो, दुसऱ्याला व्हेंटिलेटर आणि डायलिसिस दोन्ही लागतं. शॉकमध्ये, म्हणजे बीपी फार खाली जाऊन आलेल्याला तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. तेव्हा नातेवाईक दर विचारत चार दवाखाने फिरले तर जीव जाईल. विमा कंपनी पेशंट पाठवते म्हणून तिला कमी दर देतो, आणि तिच्याकडचे पैसे कित्येक महिने अडकतात.

जुळे सोलापूर:
डॉक्टरसाहेब, एकूण बिल आधी सांगा असं कुणी म्हणतच नाही. रोजचा दर सांगा. कोविडमध्ये सरकारने खासगी दवाखान्यांचे रोजचे दर शहरांचे गट करून ठरवले होते, त्या जून २०२१ च्या आदेशात सोलापूर ब गटात होतं. वॉर्ड ३००० रुपये, आयसीयू ५५००, व्हेंटिलेटरसह ६७००. पेशंट कधी सुटेल हे तेव्हा तरी कुठे माहीत होतं?

आयसीयू डॉक्टर:
त्या दरात महागडी औषधं आणि मोठ्या तपासण्या धरलेल्या नव्हत्या. सेप्सिसचं बिल फुगतं ते तिथेच.

विमा सल्लागार, विजापूर रोड:
पाटी लागली तरी पॉलिसीवाल्याचं सगळं भागणार नाही. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की डॉक्टरांच्या फीमध्येही त्या प्रमाणात कपात होते. पण विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे आयसीयूच्या आकारावर आणि औषधांवर अशी कपात करता येत नाही. कुणी केली असेल तर लेखी कारण मागा.

अक्कलकोटकर:
आम्ही रात्री बाराला पेशंट घेऊन येतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो डिपॉझिट किती भरता. त्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा. जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हे गावात अजून कित्येकांना माहीत नाही.

बाळीवेस:
डॉक्टर, पहिल्या तासात दर कोण बघतंय? पेशंट जरा स्थिर झाला की दुसऱ्या सकाळी आणखी पैसे भरायला बोलावतात, त्या वेळी तिन्ही दर समोर हवेत. मग कमी करून मागता येतं, नाहीतर सिव्हिलला हलवायचं ठरवता येतं.

आयसीयू डॉक्टर:
रोखीचा आणि योजनेचा दर लावायला हरकत नाही. विम्याचा दर मी एकटा उघड करू शकत नाही, करारात तशी अट असते.

जुळे सोलापूर:
मग तो कंपनीने छापावा. हप्ता आम्ही भरतो.