कीटकनाशक कंपनीचं काम नाकारलं. बरोबर केलं का?

तापीकाठ (जळगाव)
जळगावात माझा सात जणांचा डिझाइन स्टुडिओ आहे. लोकांच्या उपयोगाचं असेल तेच काम घ्यायचं, हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. बचतगटांच्या केळी वेफर्सची पाकिटं, आरोग्य केंद्रातल्या पाट्या, शाळांचे तक्ते. सात घरं चालतात, पण जेमतेम. गेल्या महिन्यात एका कीटकनाशक कंपनीनं वर्षभराचं काम देऊ केलं: भिंतीवरच्या जाहिराती, दुकानातले फलक, बाटल्यांची लेबलं आणि सोबतची माहितीपत्रकं. रक्कम आमच्या वर्षाच्या कमाईच्या निम्मी. मी नाही म्हटलं.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. आपल्याकडेही कपाशीच आहे. आमच्या सालदाराला फवारणीनंतर बांधावर बसून उलट्या करताना मी लहानपणी पाहिलंय. समाजासाठी धंदा चालवायचा तर कुणाचा पैसा घ्यायचा नाही, हे आधी ठरलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. स्टुडिओतल्या दोघांना ते पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

कपाशीवाला (चोपडा)
ताई, राग मानू नका, पण तुम्ही चुकलात. माझं कृषी केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वात कमी विषारी. हे किती जणांना माहीत आहे? मी गिऱ्हाइकांना विचारत असतो. हिरवा म्हणजे पिकाला चांगलं, असंच उत्तर जास्त वेळा येतं. निळ्याचा तर काही अर्थ असतो हेच ठाऊक नसतं. आणि आपण सगळेच त्याला 'औषध' म्हणतो, मीसुद्धा.

माहितीपत्रक उघडून बघा. दोन-तीन भाषा, मुंगीएवढी अक्षरं. बाटली विकत घेतो मालक, पंप पाठीवर घेतो सालदार, नाहीतर सातपुड्यातून आलेला पावरा आदिवासी मजूर. ज्याच्या अंगावर ते उडतं त्याच्या हातात ते पत्रक कधी जातच नाही. डिझाइनचं याहून गरजेचं काम खान्देशात दुसरं कोणतं आहे, सांगा मला. तुम्ही सोडलं म्हणून ते थांबणार नाही. ज्यानं कपाशीचं शेत पाहिलेलं नाही असा कुणीतरी ते करेल.

तापीकाठ (जळगाव)
दादा, लेबलचं बोलणं लागलं. पण दोन गोष्टी. चौकोन, रंग, धोक्याचे शब्द हे सगळं कीटकनाशक नियम 1971 नं बांधलेलं आहे, त्यात डिझाइनरला हात घालता येत नाही. आणि कंपनी कामाचे तुकडे करायला तयार नव्हती. भिंतीवर टपोरं पांढरं बोंड मीच मोठं करायचं आणि बाटलीवर इशाराही मीच लिहायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही.

दुसरी पाळी (धुळे)
मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. पुण्यात अशाच एका 'उद्देशवाल्या' स्टुडिओत मी तीन वर्षं होतो. मालक मनानं चांगले. पण पगार दोन-दोन महिने अडकायचा, आणि विचारलं की उत्तर एकच: आपण समाजासाठी काम करतोय ना. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी उसने पैसे घेतले. ताई, निम्म्या वर्षाची कमाई नाकारताना त्या सहा जणांना आधी विचारलं होतं का? की ठरवून मग सांगितलं? तत्त्व तुमचं आणि त्याची किंमत त्यांच्या पगारातून जात असेल, तर मला ते मान्य नाही. समाज काही ऑफिसच्या दाराबाहेर सुरू होत नाही.

तापीकाठ (जळगाव)
नाही विचारलं. ठरवून मग सांगितलं. ही माझी चूक आहे, सोमवारी सगळ्यांसमोर हिशेब ठेवते.

आकडेमोड (भुसावळ)
मी सीए आहे. नकार द्यायचा अधिकार गल्ल्यातून येतो. सहा महिन्यांचा पगार बाजूला असेल तर 'नाही' म्हणणं सोपं जातं, नसेल तर कधी ना कधी वाकावंच लागतं. स्टुडिओची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे का? 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. संस्थांची बिलं वर्ष-वर्ष अडकतात ती आपण संकोचानं मागत नाही म्हणून.

आणि कुणी कलम 8 ची, म्हणजे ना-नफा, कंपनी काढा असं सुचवलं तर घाई करू नका. तिथे नफा भागधारकांना वाटता येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड राहूनही चांगलं काम करता येतं.

अंबाडीची भाजी (धडगाव)
मी अंगणवाड्यांबरोबर काम करते. कपाशीवाले दादा बरोबर बोलले, पण अर्धंच. लेबल सुंदर केल्यानं मजूर वाचत नाही. आमच्याकडे पोषणाचा एक तक्ता आला होता, छपाई उत्तम. ताटात सफरचंद, पनीर. आमच्या बायका ज्वारी, भगर, उडीद, अंबाडी खातात. त्या तक्त्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे पैसेवाल्यांचं जेवण आहे. वर सगळा मजकूर प्रमाण मराठीत, आणि घरात बोलतात पावरी, भिली. त्या डिझाइनरनं दोन दिवस येऊन चुलीपाशी बसायला हवं होतं. पण संस्था छपाईचे पैसे देते, या दोन दिवसांचे देत नाही.

1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली. गांधीजींचा आग्रह होता की खेड्यात मिळेल त्याच सामानातून सगळं उभं राहिलं पाहिजे, म्हणून बांबू वगैरे वापरूनच ते केलं गेलं. आपल्याच यावल तालुक्यातली गोष्ट आहे ही. ताई, पैसा कुणाचा हे तुम्ही बघितलंत. काम कुणासोबत बसून करायचं, तेही तितकंच बघा.

दुसरी पाळी (धुळे)
आणि त्या दोन दिवसांचा पगार कोण देणार? पुन्हा तिथेच येतो आपण.

तापीकाठ (जळगाव)
कंपनीला पत्र लिहिलंय. जाहिराती आणि फलक करणार नाही, हे कायम. फक्त माहितीपत्रक करू: अक्षरांऐवजी चित्रं, फवारणाऱ्या मजुरांना दाखवून तीनदा बदललेलं. शेतातल्या दिवसांचे पैसे दरपत्रकात वेगळे लावलेत, निम्मी रक्कम आगाऊ. ते नाही म्हणतील, असं मला वाटतं. तसं झालं तर तेच पत्रक स्टुडिओच्या खर्चानं एका गावापुरतं करायचं का, हे सोमवारी सहा जण ठरवतील, मी एकटी नाही.

आकडेमोड (भुसावळ)
स्वतःच्या खर्चानं करायचं तर रकमेची मर्यादा आधी लिहून ठेवा.

कपाशीवाला (चोपडा)
कंपनी काय म्हणायचं ते म्हणो, तुम्ही या. फवारणी सुरू झाली की मजूर सकाळी आठच्या आत दुकानापाशी येतात, नंतर कुणी भेटत नाही. चित्रं कच्चीच आणा, पेन्सिलची. छापील कागद दिसला की माणसं सगळ्याला हो म्हणतात.