आठवीसाठी वनस्पतीपेशीचं मॉडेल: वस्तू घरातल्याच, पण आकार प्रमाणात हवेत

पाऊलवाट
मुलीच्या शाळेने थर्माकोल चालणार नाही असं सांगितलंय. बुटांचा खोका आहे (30 × 20 × 10 सेंमी), बाकी घरात मिळेल ते. मॉडेल आठवडाभर वर्गात राहणार आणि हवा पावसाळी. बहुतेक मॉडेलांत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणून राजमा आणि रायबोसोम म्हणून मोहरी लावलेली दिसते. हे आकार बरोबर आहेत का? आणि मैदा-मिठाच्या गोळ्याची अंगकं (पेशीच्या आतले भाग) टिकतील का?

भिंग
आधी प्रमाण ठरवा, मग कुठली वस्तू घ्यायची ते आपोआप ठरतं. पानातली पेशी साधारण 60 मायक्रोमीटर (मिमीचा हजारावा भाग म्हणजे 1 मायक्रोमीटर) लांब धरली, तर 30 सेंमीच्या खोक्यात ती 5000 पट मोठी होते. म्हणजे 1 मायक्रोमीटरला 5 मिमी.

या हिशोबाने राजमा फार जाड. तंतुकणिकेची जाडी 0.5 ते 1 मायक्रोमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये 2.5 ते 5 मिमी. गव्हाचा दाणा अगदी बसतो. रायबोसोम जेमतेम 25 नॅनोमीटरचा (0.025 मायक्रोमीटर), म्हणून मॉडेलमध्ये 0.12 मिमी. मोहरी त्याच्या दहापटीहून मोठी आहे. रांगोळी मलमलच्या कापडातून चाळून घ्या आणि ती भुरभुरवा.

केंद्रकाला टेबल टेनिसचा 40 मिमीचा चेंडू (8 मायक्रोमीटर). अर्धा कापा, आत केंद्रकी म्हणून वाटाणा, आणि कवचावर टाचणीने भोकं. केंद्रकपटलाला खरोखरच छिद्रं असतात आणि टाचणीचं भोक साधारण त्याच प्रमाणात येतं. चेंडू कटरनेच कापा, तापवलेल्या सुरीने नको. काही चेंडू सेल्युलॉइडचे असतात, ते भसकन पेट घेतात.

हरितलवकांना पिस्त्याची टरफलं. 2 सेंमीचं टरफल म्हणजे 4 मायक्रोमीटर, आणि आकारही अर्ध्या कापलेल्या हरितलवकासारखाच. आतून-बाहेरून हिरवा ॲक्रिलिक रंग द्या आणि आत सगळ्यात बारीक, 2-3 मिमीच्या हिरव्या टिकल्या एकावर एक दहा-बारा अशा चिकटवा. त्या चळती म्हणजे ग्रॅना, आणि त्याही प्रमाणात येतात! एका पेशीत 30-40 टरफलं सहज लावा. खारे पिस्ते असतील तर टरफलं आधी गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. मीठ राहिलं तर दमट हवेत रंगाचे पापुद्रे सुटतात.

गॉल्जी संकुलासाठी पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या कागदाच्या चकत्या, पाच-सहा एकावर एक, किंचित वाकवून. वनस्पतीपेशीत असे गठ्ठे विखुरलेले असतात, म्हणून सात-आठ ठिकाणी लावा. तारककाय मात्र लावू नका, सपुष्प वनस्पतींच्या पेशीत तो नसतो.

निळी शाई
वरचं सगळं मान्य, पण खरी चूक रिक्तिकेत (पेशीतली पाणीदार रसाची पिशवी) होते. मधोमध केंद्रक आणि कोपऱ्यात लिंबाएवढी रिक्तिका, असं मॉडेल सर्रास दिसतं. पूर्ण वाढलेल्या पेशीत रिक्तिका बहुतेक जागा व्यापते. केंद्रक आणि हरितलवकं कडेला, पेशीद्रव्याच्या पातळ थरात ढकललेली असतात.

म्हणून रिक्तिका पाण्याची करा. खोका मूळ उंचीचा ठेवला तर जवळपास 5 लिटर पाणी लागेल आणि पुठ्ठा फाटेल. तो 5 सेंमी उंचीवर कापा, म्हणजे 2 लिटरमध्ये भागतं. पुठ्ठा म्हणजे पेशीभित्तिका. तिच्या आत 40 मायक्रॉनच्या पारदर्शक पिशवीचं अस्तर, हे पेशीपटल. पटल 7-8 नॅनोमीटरचं असतं, तेव्हा जाडीही प्रमाणात बसते. अस्तराच्या आत पाण्याची दुसरी पिशवी, आणि दोन्हींच्या मध्ये अंगकं. पाण्याच्या पिशवीचं तोंड रबरबँडने घट्ट बांधून पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, झिपवर विसंबू नका.

अस्तर खोक्याला चिकटवायचं नाही. ते फक्त पाण्याच्या पिशवीला चार-पाच ठिकाणी दुहेरी टेपने जोडा. मग तोंड सोडून अर्धं पाणी काढलंत की अस्तर पुठ्ठ्यापासून सुटून आत येतं आणि खोका जसाच्या तसा राहतो. बहिःपरासरणात, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर जातं तेव्हा, हेच घडतं, आणि पेशीभित्तिका कशासाठी असते हे मुलीला वेगळं समजावावं लागणार नाही.

पाऊलवाट
टरफलाच्या टोकाने पिशवी फाटणार नाही ना? आणि चिकटवायला फेविकॉल चालेल?

कागदकाम
टोकं आणि कडा पॉलिश पेपरवर घासून बोथट करा, आणि टरफलाची पाठ पिशवीकडे ठेवा. तरी पाणी भरून मॉडेल रात्रभर परातीत ठेवून बघा. थेंब गळत असेल तर तेव्हाच कळेल.

फेविकॉल पॉलिथीनला धरत नाही, वाळला की सालीसारखा निघून येतो. ग्लू गनने पातळ पिशवीला भोक पडतं. म्हणून सगळीकडे दुहेरी टेपच वापरा.

मैद्याचा गोळा पावसाळ्यात टाळाच. नेहमीचं प्रमाण एक वाटी मैद्याला अर्धी वाटी मीठ. हे मीठ हवेतली ओल शोषत राहतं, वाळलेला तुकडाही तीन-चार दिवसांत मऊ पडतो आणि रंग पाझरतो. आंतर्द्रव्यजालिकेसाठी (केंद्रकाजवळचं पटलांचं जाळं) सॅटिनची अरुंद रिबीन केंद्रकाला लागून नागमोडी दुमडा, तिला ओलीचा त्रास नाही. रांगोळी चिकटवायची ती या रिबिनीच्या काही भागावरच, कारण खडबडीत जालिकेवर रायबोसोम असतात, गुळगुळीतवर नाहीत. रिबिनीवर फेविकॉल चालतो: पातळ हात द्या, ओला असतानाच रांगोळी भुरभुरवा आणि वाळल्यावर उलटी करून झटका.