चिकट पॅडवरून सोडवलेली पाल घरी कशी सांभाळायची?

धरमपेठकर: उंदरांच्या पॅडवर अडकलेली पाल सोडवलीय. पोटाला अजून गोंद आहे, शेपटी तुटलीय. पहिल्यांदाच सांभाळतेय. बाहेर ४४ अंश. काय करू?

पानगळ: ओढू नका, कातडी सोलून निघते. कापसाच्या काडीने गोडेतेल थेंबथेंब लावा, पाच मिनिटं थांबा, टिश्यूने अलगद टिपा. नाकपुड्यांत तेल नको. रॉकेल, थिनर तर अजिबात नाही, ते अंगात भिनतं. जखमेला हळदही नको.

झाकणाला भोकं पाडलेला डबा घ्या. तळाला माती नको, जखमेत शिरते. साधा टिश्यू अंथरा, लपायला पुठ्ठ्याची नळी ठेवा. कूलरच्या झोतापासून लांब, २८-३० अंशांत. वाटीतलं पाणी ती सहसा पीत नाही. डब्याच्या भिंतीवर शिंपडा, थेंब चाटते.

अंबाझरी: शेपटीत चरबीचा साठा असतो. ती गेली, म्हणजे खाणं लवकर सुरू व्हायला हवं. दिव्याखालचे छोटे पतंग द्या. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. फवारणी झालेल्या घरातली झुरळं देऊ नका, विष पोटात जातं. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर थेट नागपुरात सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे विचारा. बरी झाली की अंधार पडल्यावर, सापडली त्याच भिंतीवर सोडा. आणि ते पॅड आधी उचला!