'एलियन : अर्थ' आधी पाहिलेल्या भाचीला १९७९चा 'एलियन' दाखवायचाय. भीती उरली असेल का?

ध्वनिवेडी

(मालिकेतलं सगळं उघड लिहितेय. ज्यांची 'एलियन : अर्थ' पाहायची राहिली आहे त्यांनी आधी ती पाहून या.)

माझी भाची माझ्याकडे एरंडवण्यात राहते, ॲनिमेशन शिकते. २०२५च्या ऑगस्टमध्ये मालिका सुरू झाल्यापासून आम्ही दोघींनी आठवड्याच्या आठवड्याला एकत्र बसून आठही भाग पाहिले. त्याआधी तिने या फ्रँचायझीतला एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. मालिका तिला जबरदस्त आवडली. दुसरा सीझन जाहीर झाला तेव्हा मी रेकॉर्डिंगमध्ये होते, तर बाहेर येईपर्यंत मोबाइलवर तिच्या मेसेजची रांग लागली होती. आता तिला १९७९चा मूळ 'एलियन' बघायचाय आणि तो मीच दाखवावा असा तिचा हट्ट आहे.

मलाही दाखवायचाच आहे, पण जिवाला घोर लागलाय. ती झेनोमॉर्फला, म्हणजे या फ्रँचायझीतल्या त्या मारेकरी परग्रही प्राण्याला, 'वेंडीचा' म्हणते. वेंडी ही मालिकेची नायिका, मरणाच्या दारातल्या मुलीचं मन यंत्रदेहात घातलेली. "वेंडीचा किती मोठा झाला बघ!" असं. म्हणजे तिच्या लेखी तो घाबरायचा प्राणीच नाही.

मालिका वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. पाचव्या भागासाठी तर मी मालिकेचे कर्ते नोआ हॉली यांचे पाय धरीन. तो आला तेव्हा गणपतीचे दिवस होते, गल्लीच्या तोंडाशी मंडळ, ढोलाचे ठोके भिंतीतून आत येत होते. आम्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि दोघींनी हेडफोन घातले. अख्खा भाग मॅजिनो जहाजावर, ते पृथ्वीवर कोसळण्याआधीचा. जेवणाचं टेबल, गाद्या मारलेले बोळ, हिरव्या अक्षरांचे पडदे, सगळं मूळ चित्रपटातल्या नॉस्ट्रोमो जहाजाच्या घराण्यातलं. बरणीतून सुटलेली ती गोचीड पाण्याच्या बाटलीत पिल्लं सोडते, तिकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि आपल्याला मात्र ती बाटली सोडून दुसरं काही दिसत नाही. हे खरं 'एलियन'!

माझं बिनसलं ते त्याच्या आदल्या भागात. वेंडीचा भाऊ हर्मिट, त्याचं काढून घेतलेलं फुप्फुस काचेच्या टाकीत ठेवलंय, त्यात वाढवलेलं पिल्लू बाहेर पडतं. वेंडी त्याच्याजवळ जाऊन घशातून टकटक, किरकिर असे आवाज काढते. पिल्लू निवतं. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. शेवटच्या भागांत तोच मोठा होऊन तिच्या हाकेला येतो आणि ती दाखवेल त्याला फाडतो.

माझा धंदा आवाजाचा, लघुपट आणि जाहिरातींचं साऊंड डिझाइन करते. म्हणून १९७९चं एक दृश्य मला पाठ आहे. नॉस्ट्रोमोवरचा ब्रेट जहाजावरचं मांजर शोधत एका उंच खोलीत शिरतो. छतापासून साखळ्या लोंबतायत, एकमेकींवर आपटून किणकिणतायत. वरून पाणी ठिबकतंय, तो तोंड वर करून ते चेहऱ्यावर घेतो. आणि मांजराला हाका मारत राहतो. त्या हाकेला 'ओ' कोण देतं, तर साखळ्या आणि पाणी. प्राणी कधीचाच मागे उतरलेला असतो. त्याच्या आधी तो दिसतो मांजराला, ते फिस्कारतं, आणि मग ब्रेट वळतो. त्या प्राण्याला विनवता येत नाही, त्याच्याशी सौदा करता येत नाही, त्याच्यापर्यंत माणसाचा आवाजच पोचत नाही. 'एलियन'ची सगळी भीती माझ्या मते इथे आहे. मालिकेने त्याला 'ओ' द्यायला लावलं.

आमच्या ओळखीच्यांत यावरून सरळ दोन तट पडलेत. प्रत्येक भागाच्या शेवटी दणदणीत रॉक नाहीतर मेटल गाणं का, पहिल्याला ब्लॅक सबाथ आणि तिसऱ्याला मेटालिका कशाला, यावरही भांडणं झाली. ते मला चालतं, गाणी छान वाजतात.

विचारायचंय ते असं. आधी मालिका आणि मग मूळ चित्रपट, या क्रमाने पाहिलेलं कुणी तुमच्या घरात आहे का? त्यांना भीती वाटली का? आणि दाखवू कोणती आवृत्ती, १९७९ची की २००३ची?

आठवा_प्रवासी

शंभर टक्के सहमत, आणि मी तुमच्याही पुढे जाईन.

मालिका घडते २१२०मध्ये, नॉस्ट्रोमो २१२२मध्ये. मधे फक्त दोन वर्षं. भर शहरात, इमारतीत जहाज घुसलंय, आत हे प्राणी, सैनिकांचे मुडदे पडलेत, त्यावरून प्रॉडिजी आणि वेलँड-युटानी या दोन बलाढ्य कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यात. आणि नॉस्ट्रोमोवरच्या कुणाच्याही कानावर यातलं काही नाही? ॲशचं समजू शकतो, तो कंपनीचा यंत्रमानव. बाकीच्यांचं काय? मालवाहू जहाजावरची माणसं जेवताना याच गप्पा मारतील. कंपन्यांनी सगळं दाबलं म्हणावं तर ते दाबणं तरी दाखवा. आठ तासांत त्याला जागा नव्हती?

दुसरं म्हणजे ऊन. १९७९मध्ये बोलाजी बादेजो हा अतिशय उंच, काटकुळा तरुण त्या पोशाखात होता आणि दिग्दर्शक रिडली स्कॉटनी तो कधी धड दाखवला नाही. जबडा, हात, शेपूट, बस. प्राण्याचं रूप रेखाटणाऱ्या गीगरच्या आकृतीतलं उरलेलं आपण भरायचं. वेटा वर्कशॉपने या वेळी पोशाख उत्तम केलाय, त्या कारागिरांबद्दल आदरच आहे. पण प्रॉडिजीच्या बेटावर, जिथे वेंडीला ठेवलंय, दिवसाढवळ्या हिरव्या झाडीत तो पळताना दिसला की आत माणूस आहे हे कळतंच.

हॉलींची एक गोष्ट मात्र मानतो. 'प्रॉमिथियस'ने (२०१२) सुरू केलेलं ते काळ्या द्रवाचं आणि जन्मकथेचं लचांड त्यांनी बाजूला ठेवलं. हा प्राणी कुठून आला हे न कळण्यातच मजा आहे.

भाचीला सांगा, मालिका विसरून बस.

राणीमाशी

@ध्वनिवेडी, तुमचं ब्रेटच्या दृश्याचं वर्णन वाचून मी लगेच तो प्रसंग लावून पाहिला, साखळ्यांकडे इतकं लक्ष कधी गेलं नव्हतं. पण 'ओ' मालिकेने द्यायला लावली हे मला मान्य नाही. १९८६चा 'एलियन्स' आठवा.

नायिका रिप्ली छोट्या न्यूटला कडेवर घेऊन अंड्यांच्या दालनात उभी. समोर अंडी घालणारी एलियन राणी. बाजूंनी एलियन पुढे सरकतात. रिप्ली आगीचा एक लोळ हवेत सोडते आणि मग नळी अंड्यांकडे वळवते. एक शब्द नाही. राणीला कळतं. ती आपल्या एलियनांना मागे सारते आणि रिप्ली एकेक पाऊल मागे जाऊ लागते. हा दोन आयांमधला तह आहे! पुढे एक अंडं उघडतं, रिप्ली सगळी जाळून टाकते आणि तह मोडतो, ते वेगळं. १९९७च्या 'रिसरेक्शन'मध्ये तर रिप्लीच्या क्लोनमध्येच त्यांचं रक्त आहे. मग वेंडीनेच काय घोडं मारलं?

आणि तुमच्या भाचीचं 'वेंडीचा' मला फार आवडलं. वेंडी धड मूल नाही, धड यंत्र नाही. त्या बेटावर तिला मोजण्या-मापण्यापलीकडे कुणी जवळ करत नाही, एक भाऊ सोडला तर. काचेत वाढवलेल्या जिवाबद्दल तिला ओढ वाटली आणि तुमच्या भाचीला ती पोचली. चांगल्या मालिकेनेच हे होतं.

फेज_तीन

मला तर वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या प्राण्याकडे बघताय.

मी दोन मुलांचा बाप आहे. मला झोप लागली नाही ती स्लाइटलीमुळे. आपला आदर्श गौरव काय काम करतो त्यात! मोठ्या माणसाच्या देहात घातलेलं पोर. चालणं, खांदे पाडणं, अंगठ्याशी चाळा, सगळं पोराचं. मॅजिनोवरचा मॉरो त्याला घरच्यांना मारायची धमकी देतो आणि सांगतो, एक माणूस आणून दे. पोरगा कुणाला निवडतो? आर्थरला. त्या सगळ्या शास्त्रज्ञांत माणुसकीने वागणारा तो एकटा. नंतर आर्थर शुद्धीवर येतो तेव्हा त्याला काही आठवत नसतं. तो पोरांशी प्रेमाने बोलत किनाऱ्याकडे चालत राहतो आणि आपल्याला माहीत असतं त्याच्या छातीत काय आहे.

मूळ चित्रपटातला ९३७ क्रमांकाचा आदेश आठवा. प्राणी घेऊन या, माणसं गेली तरी चालतील. कंपनी तेव्हापासून अशीच आहे. इथे प्रॉडिजीचा मालक बॉय कॅव्हेलिअर मरणाच्या दारातल्या मुलांना नवा देह देतो, आणि देह कंपनीचा म्हणजे मूलही कंपनीचं. नाव बदलायचं, आई-बापांना भेटू द्यायचं नाही, मेंदूतली नकोशी आठवण पुसून टाकायची. त्यांच्यातल्या निब्सचं तेच केलं की नाही? झेनोमॉर्फ कुणाशी बोलतो याने मला फरक पडत नाही. त्या मुलांना नाही म्हणता येत नाही, याने पडतो.

ध्वनिवेडी

@फेज_तीन, आर्थरच्या किनाऱ्यावरच्या प्रसंगाला आम्ही दोघी रडलो. त्यात काही वादच नाही. पण त्या प्रसंगात जीव कशाने येतो? त्याच्या छातीतल्या पिल्लाला कुणी थांबवू शकत नाही म्हणून. वेंडीने तिथे येऊन दोन आवाज काढले असते आणि ते निमूट बाहेर आलं असतं, तर?

@राणीमाशी, राणीचा प्रसंग बिनतोड आहे. तरी फरक आहे. रिप्लीकडे द्यायला धमकी आहे आणि गमवायला न्यूट आहे, त्या तहाची किंमत दोघींनाही माहीत आहे. वेंडीच्या बाबतीत तिसऱ्या भागात मला फार आशा वाटली होती. अंडी उघडली जातात आणि तिकडे लांब खोलीत ती वेदनेने कोसळते, कारण तिला ऐकू येतंय. वाटलं, आता हे ऐकू येणं तिला छळणार, आतून पोखरणार. चौथ्या भागात वेदना कुठच्या कुठे गेली आणि हातात लळा लागलेलं पिल्लू आलं. ती वेदना टिकवली असती तर मी इथे वेगळा धागा काढला असता.

@आठवा_प्रवासी, विसरून बस असं तिला नाही सांगणार. तिने ते मनापासून पाहिलंय.

क्रमाबद्दल आणि आवृत्तीबद्दल कुणीच बोलत नाहीये. प्लीज सांगा.

जुना_कॅम्पकर

मी सांगतो, कारण आमच्या घरात नेमकं हेच झालं आहे.

मी 'एलियन' कॉलेजात असताना कॅम्पातल्या थिएटरात पाहिला. तेव्हा आम्हाला काय येणार आहे याची काही कल्पना नव्हती. ते भाग्य पुढच्या कुठल्याच पिढीला मिळणार नाही, मग त्यांनी मालिका आधी पाहो की नंतर. जेवणाच्या टेबलावर नॉस्ट्रोमोवरच्या केनच्या छातीतून पिल्लू बाहेर येतं हे आता चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतं. त्यामुळे क्रमाची फार चिंता करू नये.

माझ्या धाकट्या मुलीने मालिका आधी पाहिली, मग चित्रपट. जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगाने ती मुळीच दचकली नाही. पण कप्तान डॅलस हवेच्या नळांतून सरपटतो, लॅम्बर्टच्या यंत्रावर दुसरा ठिपका त्याच्याकडे सरकत येतो, तिथे तिने उशी घट्ट धरली. आणि शेवटच्या यानात, जिथे रिप्ली अंतराळपोशाख चढवताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत असते, तिथे ती अक्षरशः थरथरत होती. नंतर मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी सारखी वाट बघत होते की आता कुणीतरी त्याच्याशी बोलेल. कुणी बोललंच नाही."

आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणी त्याच्याशी बोलेल अशी अपेक्षाच नव्हती. तिला होती, म्हणून तिला ते जास्त लागलं. तुमच्या भाचीचंही तसं होऊ शकेल.

आवृत्ती १९७९चीच दाखवा. २००३मध्ये स्कॉटनी घातलेल्या प्रसंगात रिप्लीला डॅलस अर्धमेला, भिंतीला चिकटवलेला सापडतो. अभ्यासाला छान आहे, पण रिप्लीच्या पळापळीत मधेच खीळ बसते. आणि तुम्ही आवाजातल्या आहात म्हणून मुद्दाम सांगतो, शेवटी जेरी गोल्डस्मिथचं संगीत काढून हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी सिंफनी वापरली आहे. नावं सरकत असताना टीव्ही बंद करू नका.

ध्वनिवेडी

"कुणी बोललंच नाही." तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मला हवं होतं ते उत्तर मिळालं, आणि मी जे धरून बसले होते त्याच्या बरोबर उलट बाजूने.

या शनिवारी रात्री १९७९ची आवृत्ती, खिडक्या बंद, पंखा बंद. भाचीला आधी काहीही सांगणार नाही, साखळ्यांबद्दलही नाही. पुढच्या शनिवारी १९८६चा. @राणीमाशी, अंड्यांच्या दालनाचा प्रसंग झाला की तिथेच थांबवून तिला विचारणार आहे, हे बोलणं आणि वेंडीचं बोलणं एकच का. ती काय म्हणते ते इथे लिहीन. आणि कोथरूड-एरंडवण्यातल्या कुणाला पहिल्या शनिवारी यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोफ्यावर दोघांची जागा आहे.